मास्तरांचा दुसरा आवाज

कवायत मास्तर निवृत्त झाले त्या दिवशी शाळेनं त्यांना एक घड्याळ दिलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला. चौतीस वर्षं त्यांनी मैदानावर शिट्टी फुंकली होती. ओळीत उभ्या शंभर मुलांत एकाचा हात वाकडा असला, तरी तो त्यांना आधी दिसायचा. नव्याण्णव सरळ हात कधी दिसलेच नाहीत. घरीही तेच. बायकोनं घर आरशासारखं ठेवलं, तरी यांचं बोट नेमकं खिडकीच्या कोपऱ्यातल्या धुळीवर जायचं. एकुलता एक मुलगा वाऱ्यासारखा पळायचा. एका शर्यतीत तो दुसरा आला, तेव्हा मास्तर चारचौघांत म्हणाले, "दुसरा म्हणजे हरलेल्यांतला पहिला." मुलानं धावायचे बूट पुन्हा पायात घातले नाहीत. विसाव्या वर्षी तो घराबाहेर पडला, लिफ्ट दुरुस्तीचं काम शिकला, संसार थाटला. आई गेली तेव्हा आला, तेवढाच.

मग घर खायला उठलं. गावाबाहेर घोड्यांची एक पागा होती, तिथल्या मालकीणबाईंना सकाळच्या कामाला माणूस हवा होता. लीद काढायची, चंदी भिजवायची, खरारा करायचा. "जमेल," मास्तर म्हणाले. "जन्मभर शिस्त लावायचंच काम केलंय."

"बघू," मालकीणबाई म्हणाल्या.

त्यांच्या वाट्याला आली करडी नावाची घोडी. रंगानंही करडी आणि नजरेनंही. आधीच्या मालकानं तिला चाबकानं फोडून काढलेली, त्यामुळे माणूस दिसला की कान मागे. पहिल्या आठवड्यात मास्तरांनी तिच्यावर आवाज चढवला, दोर हिसकला, पुन्हा आवाज चढवला. करडीनं शांतपणे त्यांना भिंतीशी दाबलं. दोन बरगड्या मोडल्या.

दीड महिन्यानं ते परत आले, तेव्हा मालकीणबाईंनी कीव वगैरे केली नाही. "काय नको ते तुम्ही तिला दिवसभर सांगत होतात," त्या म्हणाल्या. "काय हवंय, ते एकदा तरी सांगितलंत? तिचा नुसता कान तुमच्याकडे वळला ना, की दोर सैल सोडा आणि शाब्बास म्हणा."

"एवढ्याशासाठी?"

"एवढ्याशासाठीच."

मास्तरांच्या जिभेला त्या शब्दाची सवयच नव्हती. पहिलं शाब्बास घशात काटा अडकल्यासारखं बाहेर पडलं. पण आता आवाज चढवायचा तर बरगड्या दुखायच्या, म्हणून हळू बोलणं भाग होतं. कान वळला, शाब्बास. एक पाऊल पुढे आलं, शाब्बास. चौथ्या महिन्यात करडीनं आपणहून खूर त्यांच्या हातात दिला आणि मास्तर तो खूर धरून बराच वेळ ओणवे राहिले. हळूहळू डोळ्यांना वळण लागलं. राहत्या इमारतीत झाडू मारणाऱ्या बाईंना ते एकदा म्हणाले, "आज जिना लख्ख झालाय." बाई दोन दिवस त्यांच्याकडे संशयानं बघत होत्या, आता याचं काय काम निघणार म्हणून.

वर्ष सरत आलं, तेव्हा त्यांनी धीर करून मुलाला फोन लावला, करडीनं बरगड्या मोडल्याचंही सांगितलं. "एकदा येऊन बघ. तुला दाखवायचंय काहीतरी."

एका रविवारी तो आला. सोबत आठ वर्षांची मुलगी. नातीला मास्तरांनी आजवर दोनदाच पाहिलं होतं. दोघं कुंपणापाशी उभे राहिले. मास्तरांनी जमिनीवर एक लाकडी फळी ठेवली आणि करडीला तिच्यावरून न्यायला लागले. फळी बघून करडी अडली, फुरफुरली, मागे सरली. मास्तरांनी दोर सैल सोडला.

"असू दे," ते पुटपुटले. "घाबरलीस ना? घाबर हवं तेवढी. मी आहे इथंच. आपल्याला घाई नाही."

तीनदा ती मागे सरली. चौथ्यांदा एक खूर फळीवर पडला. "शाब्बास, माझी गुणाची," मास्तर म्हणाले आणि तिच्या मानेवरून हात फिरवला. पाचव्यांदा ती सबंध फळी ओलांडून गेली. नातीनं टाळ्या वाजवल्या. मास्तर हसत मुलाकडे वळले. मुलाचा चेहरा पांढरा पडला होता.

"तू पाण्याची बाटली घेऊन ये गाडीतून," त्यानं लेकीला पाठवलं. मग म्हणाला, "हा आवाज कुठे होता इतकी वर्षं?"

"चुकलो रे मी. आत्ता कुठे शिकलो."

"वरातीमागून घोडं, बाबा. आणि तेही खरंखुरं घोडं." तो हसला, पण हसण्यात काही नव्हतं. "मी समजूत घालून घेतली होती, की तुम्हाला हे येतच नाही. ज्याला येत नाही, त्याला माफ करता येतं. आता कळलं, येत होतं. हिनं तुमच्या बरगड्या मोडल्या, तर हिला मिळालं. मी नुसता गप्प बसलो. आई पण."

मास्तरांच्या ओठांवर जुनं उत्तर तयार होतं: तुझ्या भल्यासाठीच. ते त्यांनी गिळलं. "बरोबर आहे तुझं," एवढंच म्हणाले. मुलगा क्षणभर थांबला. तेवढ्यात बाटली घेऊन लेक आली. दोघं निघून गेले.

दोन महिन्यांनी मालकीणबाई चंदीच्या पिंपापाशी येऊन उभ्या राहिल्या. "तुमची नात येतेय शिकायला. दर गुरुवारी."

गुरुवार मास्तरांच्या सुट्टीचा.

"तिच्या वडिलांनी आधी तुमच्या सुट्टीचा वार विचारला, मगच ठरवलं," त्या म्हणाल्या. "लपवून काय करू?"

"कुठल्या घोड्यावर?"

"करडीवर. तुम्ही तयार केलेली आहे, लेकराला बिनघोर देता येते. तुमची सुट्टी बदलू का?"

मास्तरांनी पिंपाचं झाकण लावलं. "नको. त्याला कळलं तर तो पोरीला आणायचाच नाही."

आता बुधवारी दुपारी ते करडीचे खूर साफ करतात, खोगिराचे पट्टे लहान पायांच्या मापानं वर चढवून ठेवतात आणि घरी जातात. गुरुवारी घराबाहेर पडत नाहीत. शुक्रवारी खरारा करताना कधी कधी आयाळीत एक वेडीवाकडी वेणी सापडते. पहिल्यांदा त्यांनी ती तशीच राहू दिली. पण मालकीणबाई म्हणाल्या, केस ओढले जातात, जनावराला दुखतं. तेव्हापासून ते ती उलगडतात, सावकाश, एकेक पेड.