तापलेली झाडं

पार्बताबाईंनी खुरप्याच्या टोकानं संत्र्याच्या बुंध्याची साल उचलली. आतलं लाकूड काळपट तांबूस पडलं होतं आणि त्यातून डिंक पाझरत होता. शेजारच्या झाडाचंही तेच. खालच्या कोपऱ्यातली सगळीच झाडं पिवळी पडली होती. बुडाशी हिरव्या फळांचा सडा होता.

पलीकडे महेजबीन ड्रोनची पाती बसवत होती. अमरावतीच्या एका कंपनीसाठी ती रिद्धपूरच्या आसपासच्या बगीच्यांवर ड्रोन उडवायची. झाडांची उष्णता टिपणारा कॅमेरा त्याला होता. मुळं कुजायला लागली की झाडाला पाणी ओढता येत नाही, पानं तापतात. डोळ्यांना झाड हिरवंगार दिसत असतं, तेव्हाच पडद्यावर ते लाल उमटतं. आषाढातल्या उघडिपीत ती इथं एकदा येऊन गेली होती.

"मागच्या बारीले तुह्या मशिनीत ह्या कोपऱ्याचं काई दिसलं होतं का वं?" पार्बताबाईंनी विचारलं.

महेजबीनचे हात थांबले.

"दिसलं होतं ना, मावशी. लालच होता हा कोपरा. तुमाले सांगतलं नाई कोणी?"

"कोण सांगन?"

"मी तं त्याच दिवशी सरले फोटो पाठवले."

तिनं लगेच कंपनीच्या पियुष सरांना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"रिपोर्ट केशवरावांना गेला," पलीकडून शांत आवाज आला. "काम त्यांनी दिलं होतं."

केशवराव म्हणजे बगीच्यातली फळं झाडावरच विकत घेणारे व्यापारी.

"पण झाडं तं मावशीची हायेत, सर."

"ज्यानं काम दिलं, त्याचा रिपोर्ट. तू उडवून ये फक्त."

पार्बताबाईंना त्या ड्रोनफेरीनंतरचा सौद्याचा दिवस आठवला. झाडं फळांनी वाकलेली असताना केशवरावांनी नेमका हाच कोपरा वगळला होता. तिच्या घरचा चहा पीत, हसत म्हणाले होते, "तेवढा राहू द्या लेकराबाळांले खायाले."

पार्बताबाईंनी फोन हिसकून घेतला.

"साहेब, तवाच साल खरवडून मलम लावलं असतं तं हे झाडं वाचली असती का नाई, तेवढं सांगा."

"बाई, असं आत्ता सांगता येणार नाही."

"माह्या झाडाले ताप आला अन् बातमी व्यापाऱ्याले! मी काय मेली होती?"

फोन बंद झाला. पार्बताबाईंनी तो महेजबीनला परत दिला.

"उडव," ती महेजबीनला म्हणाली. "पण पह्यले मले दाखव. मंग पाठव कोणाले पाठवाचं त्याले."

ड्रोन वर गेला. महेजबीनच्या हातातल्या पडद्यावर कोपरा लालभडक झाला. पण लाली तिथंच थांबली नव्हती. धुरा, म्हणजे मधला बांध, ओलांडून ती शेजारच्या वलीभाईंच्या कडेच्या झाडांवर गेली होती. इथून पाहिलं तर ती झाडं हिरवीगार होती.

"पाण्यासंग पसरते हा रोग," महेजबीन हळूच म्हणाली. "शेजारच्या वावरातलं काई दाखवाचं नाई, असं सर म्हणतात. बंद करू?"

उतार पार्बताबाईंच्या वावरातून वलीभाईंकडे होता. पावसाचं सगळं पाणी तिकडेच जायचं, आणि त्यावरून दोन्ही घरांचं कितीदा तरी वाजलं होतं. पलीकडे वलीभाई फळांनी लवलेल्या फांद्यांना बांबूचे टेकू लावत होते. त्यांना कळायला अजून बराच अवकाश होता. कळल्यावरही रोग कुठून आला, हे कोणी सिद्ध करू शकलं नसतं.

पार्बताबाईंनी महेजबीनच्या हातून पडदा घेतला आणि धुरा ओलांडला.

"वलीभाई, टेकू राहू द्या. इकडे या."

"काय झालं, भाभी?"

"ह्या झाडाईचं बुड खरवडून पाहा. आजच मलम लावा. अजून टाइम हाये." तिनं उताराकडे बोट केलं. "पाणी माह्याच वावरातून आलं."

वलीभाईंनी पडदा पाहिला. मग उतार पाहिला. त्यांच्या चेहऱ्यावर राग चढत जाताना तिला स्पष्ट दिसला.

ती तिथून हलली नाही.