लावलेल्या खिडक्या

भाषेच्या बाई सातवीच्या वर्गाला गोष्टींमधली प्रतीकं समजावून सांगत होत्या. दिवा म्हणजे आशा, वाट म्हणजे आयुष्य, असं सांगून त्यांनी विचारलं, "आणि गोष्टीत कुणी भरदिवसा खिडक्या लावून घेतल्या, तर?"

"थंडी वाजत असेल!" कुणीतरी म्हणालं आणि वर्गात खसखस पिकली.

एरवी तोंडही न उघडणारी एक मुलगी उभी राहिली. "बाई, म्हणजे आता बाबा आईला मारणार. शेजारी आवाज जाऊ नये म्हणून ते मलाच खिडक्या लावायला सांगतात."

तिनं हे अगदी सहज सांगितलं. बाईंना एकदम आठवलं, हिची आई भर उन्हाळ्यातही पालकसभेला पूर्ण बाह्यांचे कपडे घालून यायची. त्याचा अर्थ त्यांना कधी लागलाच नव्हता.

"माझं उत्तर चुकलं का?" मुलीनं घाबरून विचारलं.

"नाही गं बाळा," बाई म्हणाल्या.

मधल्या सुट्टीत मुख्याध्यापिकांना घेऊन त्या तडक तिच्या घरी गेल्या. वडील कामावर होते. आईनं दार उघडलं, दोघींचे चेहरे पाहिले आणि एक शब्दही न विचारता पलंगाखालून आधीच भरून ठेवलेली कपड्यांची पिशवी बाहेर ओढली.