नाक मोकळं होईपर्यंत

बामाच्या डबीत बायकोच्या अंगठ्याचा खळगा होता — कडेला तिरपा, घाईघाईत बोट फिरवल्यासारखा — आणि चष्म्याच्या दुकानात काउंटरमागे उभा राहून तो त्या खळग्याकडे इतका वेळ बघत राहिला की समोरच्या आजोबांना शेवटी खाकरावं लागलं. सकाळी निघताना तिनेच ती डबी त्याच्या खिशात टाकली होती. "आज तुझं कपाळ तूच दाब. आणि उद्या सकाळी मला इस्पितळाला कळवायचंय," एवढंच म्हणाली, रागावून नव्हे... रागावली असती तर बरं झालं असतं.

आजोबांच्या नाकावर फ्रेम बसवायला तो वाकला. वाकलं की संपलंच. भुवयांमागचं, गालांच्या हाडांतलं सगळं ओझं एकदम पुढे लोटायचं.

"चष्मा माझा सैल आणि नाक तुमचं चोंदलेलं," आजोबा म्हणाले. "घरी कोणी दाबून देत नाही?"

"देते की. बायको."

देते की! काय पण तोऱ्यात सांगितलं. परगावच्या मोठ्या इस्पितळात तिला दोन वर्षांसाठी बोलावलं होतं. हाडं मोडलेल्यांना पुन्हा चालवायचं, काम इथे करते तेच, पण तिला कधीपासून हवं होतं ते. "जाऊ का?" असं तिने रविवारी विचारलं तेव्हा त्याचं डोकं खरंच ठणकत होतं. सोमवारीही खरंच. मंगळवारी निम्मं खरं... "डोकं जड झालंय गं, उद्या बोलू." मग ती मुकाट्याने मागे येऊन उभी राहायची, भुवयांच्या आतल्या टोकांवर अंगठे टेकवायची, दाबायची, सोडायची, नाकाच्या कडेने खाली उतरायची, गालांच्या हाडांखालून कानांकडे जायची — दिवसभर लोकांचे आखडलेले गुडघे वळवून दमलेले ते अंगठे! जा म्हणावं तर घर खायला उठेल. जाऊ नको म्हणावं तर ती थांबेल, आणि भीती खरी त्याचीच होती, की ती खरोखर थांबेल, एका शब्दाने बोलून दाखवणार नाही, आणि रोज संध्याकाळी त्याचं कपाळ दाबत राहील.

दुपारी दुकान रिकामं झाल्यावर त्याने गिऱ्हाइकांच्या आरशासमोर बसून आपले अंगठे भुवयांवर टेकवले. दुखणं तेवढं सापडलं, जागा सापडेना. नुसतं बघून नाकाची रुंदी सांगणारा माणूस हा. अर्ध्या गल्लीची नाकं त्याला पाठ. आणि तिचं? तिच्या भुवईला आपण शेवटचं बोट कधी लावलं... तिचं डोकं दुखत नसेल कधी? त्याला स्वतःची लाज वाटली, आणि आरशात ती लाज चेहऱ्यावर दिसूही लागली तसा तो उठला. आज सांगायचं. जा म्हणायचं. एकच तर अक्षर! संध्याकाळपर्यंत तो ते घोकत राहिला.

ती आली, बॅग खुंटीला लावली. "कसं आहे?"

"तसंच."

तोंडून निघूनच गेलं. तिने गरम पाण्यात टॉवेल पिळून त्याच्या चेहऱ्यावर ठेवला, थोड्या वेळाने काढला, आणि मागे उभी राहिली. अंगठे टेकले. दाब, सैल, दाब... आणि डावीकडे काहीतरी सुटलं, घशात उतरलं, पाठोपाठ उजवीकडे — गार हवा सरळ आत गेली, आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्याला तिच्या हातांचा वास आला, तेलाचा आणि त्यावरच्या साबणाचा. डोकं लख्ख हलकं. आता कुठली सबब उरली नव्हती.

"सुटलं?" तिने विचारलं.

त्याने तोंड उघडलं आणि मुद्दाम तोंडानेच श्वास घेतला. "नाही अजून."

अंगठे थबकले. तिला कळलं असणार, इतक्या जवळून श्वास ऐकू येतो की... मग ते पुन्हा भुवयांवर आले, पहिल्यापेक्षा हळू, आणि तो डोळे मिटून तसाच तोंडाने श्वास घेत बसून राहिला — आता ती पुन्हा 'जाऊ का?' विचारेल, विचारू नये तिने, विचारावं...