दगडांच्या दिव्याखाली व्हायोलिन

१९७८ साली शैला गर्गेला व्हायोलिन घ्यायचं होतं. बाळाजी दुकानदाराने एक जुनं, मधाच्या रंगाचं व्हायोलिन दाखवलं. आत चिठ्ठी होती : इटली, १७२१.

"साहेबाच्या बंगल्यातलं आहे, बाई. असं पुन्हा नाशकात यायचं नाही," बाळाजी म्हणाला.

सूर गोड होता, किंमत मात्र तिखट. शैलाने आपल्याच कॉलेजातल्या भूगर्भशास्त्राच्या सहादू पगारे सरांचा सल्ला घ्यायचं ठरवलं. सर स्वतः व्हायोलिन वाजवत, फारसं बरं नव्हे, पण वाद्य ओळखत. बाळाजीही छाती काढून प्रयोगशाळेत आला.

सरांनी भिंगातून लाकडाच्या रेषा पाहिल्या, दातांच्या डॉक्टरांचा आरसा आत सरकवला. मग खिडक्या लावून खनिजं बघायचा जांभळा दिवा पेटवला. चिठ्ठी निळीशार चमकली.

"हा कागद माझ्या धाकटीपेक्षाही लहान आहे," सर म्हणाले. "जुना कागद असा चमकत नाही."

चिठ्ठीचा सुटलेला कोपरा त्यांनी चिमट्याने उचलला. खाली पेन्सिलीने लिहिलं होतं : मंगळू सुतार, पिंपळगाव, १९५२.

बाळाजीने घाम पुसला. "इटलीतही असेल एखादं पिंपळगाव!"

शैलाला हसू आवरेना. तरी तिने वाद्य खांद्याला लावलं. सूर तितकाच गोड निघाला. सर म्हणाले, "चिठ्ठीचे पैसे देऊ नका, लाकडाचे द्या. कपाटावर ठेवू नका, उन्हाळ्यात तडकेल. अन् वाद्याची ही सुटलेली कड फेविकॉलने चिकटवू नका, सुतारांचा सरसच लावा."

बाळाजीने किंमत उतरवली. शैलाने व्हायोलिन घेतलं आणि रविवारी थेट पिंपळगाव गाठलं.

मंगळू सुतार सत्तरीचे. त्यांनी वाद्य पाहिलं, त्याच्या पोटावर टिचकी मारली. शैलाने इटलीच्या चिठ्ठीची गोष्ट सांगितली.

"जर्मन मशीनचं खोकं आलं होतं. लाकूड लय सरळ. मिशनच्या शाळेतल्या मास्तरांचं व्हायोलिन बघून त्याचं हे केलं. मास्तर गेले, वाजवणारं कुणी राहिलं नाही, मग हे बाजारात विकलं. इटली कुठं हाय?"

"लांब आहे," शैला म्हणाली.

त्यांनी सरस तापवला, कड बसवली, दोऱ्याने आवळली. सुकेपर्यंत चहा, चिवडा झाला. मग तिने वाजवलं. बायडाबाई दारातून पुढे येऊन नवऱ्याशेजारी बसल्या.

"चांगलं खोकं वाया घालवलं म्हणून मी महिनाभर बोलले नव्हते यांच्याशी," त्या हळूच म्हणाल्या. "आणखी एक वाजवा."