मार लागायची जागा

"काकू, मारायचं बटण कुठलं?"

अर्णव कीबोर्ड बडव बडव बडवत होता. पडद्यावर माझी बाई पुन्हा भिंतीवर आपटली आणि तो बाप्या तिच्या पोटात लाथ घालून ऐटीत दाराशी जाऊन उभा राहिला.

"तिला दार लावता येतं," मी म्हणाले. "खाली वाकता येतं. मागच्या खोलीत पळता येतं."

"ते कळलं हो. पण ती मारत कशी नाही? फायटिंग गेम आहे ना?"

मागची पोरं फिसकन हसली. रुचिता नावाची एक पोरगी म्हणाली, "यार, आंटीने तो हॉरर बना दिया!" मेली!

नोएडातल्या एका ऑफिसचा हॉल. नवशिक्यांनी आपापला गेम आणायचा, ज्याचा शेवटपर्यंत खेळता येईल त्याला दर रविवारच्या वर्गात जागा. शिकवणारा अर्णव पुण्याचा. बाकी सगळी माझ्या तनयाहून लहान. तनयाच बेंगळुरूला जाताना जुना लॅपटॉप ठेवून गेली होती. "आई, दिवसभर मोबाईलवर गोळ्या फोडतेस, त्यापेक्षा स्वतःच गेम बनव की!" म्हटलं, बनवते. पन्नाशीची बाई, कोडिंगचा गंध नाही. व्हिडिओ लावत, थांबवत, शिव्या घालत शिकले. आता मला ती रविवारची जागा हवी होती. दुसरं काही नको होतं.

"बाकी जबरदस्त आहे हां," अर्णव म्हणाला. "याच्या चपलांच्या आवाजावरून मूड कळतो. हात उगारण्याआधी हा घड्याळ काढून ठेवतो! हे कसं सुचलं तुम्हाला?"

"सुचलं," मी म्हणाले. आमचे सूर्यकांत घड्याळ काढून टीव्हीपाशी ठेवतात. महागाचं आहे, काच फुटायला नको.

"संध्याकाळपर्यंत तिला मारायला शिकवा. मग जागा तुमची."

बसले. हात उगारल्याची चित्रं काढली, बटण जोडलं, दाबलं. बाईचा हात गेला तो बाप्याच्या आरपार. पुन्हा दाबलं. तेच! तो जागचा हलला नाही, उलट तिच्याच थोबाडीत बसली. रागाने माझे डोळे भरून आले.

अर्णव वाकला. "अहो काकू, मार कुठे लागतो ते कॉम्प्युटरला कळायला अंगावर चौकटी ठेवाव्या लागतात. तिला तुम्ही ठेवल्यात बघा. डोकं, पाठ, पोट, सगळीकडे. याला एकही नाही. याला मार लागायची जागाच नाही." मग समजुतीने म्हणाला, "सुरुवातीला होतं असं."

कुठलं होतंय! दुसऱ्या कुणाकडून झालं नसतं ते. इतकी वर्षं संसार केला, पण या माणसालाही दुखू शकतं हे माझ्या टाळक्यात कधी शिरलंच नव्हतं. स्वतःची इतकी चीड आली की काय सांगू.

ठेवल्या चौकटी. तोंडावर, बरगडीवर, गुडघ्यावर. बटण दाबलं. बाप्या कळवळला. मी दाबत राहिले. तो आडवा झाला तरी दाबत राहिले. शेवटी रुचिताने माझा हात धरला. "आंटी, बस! मर गया वो."

जागा मिळाली. कालकाजीला मेट्रो बदलली तेव्हासुद्धा मी एकटीच हसत होते.

फरीदाबादला घराचं दार सूर्यकांतनी उघडलं. मी त्यांना सांगून गेले होते की दिल्लीत कोपर्निकस मार्गावर महाराष्ट्र सदनात संक्रांतीचं हळदीकुंकू आहे.

"झालं हळदीकुंकू?"

"हो, छान झालं."

"मग कपाळाला हळद कुठाय? वाण कुठाय?"

माझे हात रिकामे. जन्मभर याच माणसाशी खोटं बोलत आले आणि साधी वाटेत चिमूटभर हळद लावायची अक्कल सुचू नये!

त्यांनी घड्याळ काढून टीव्हीपाशी ठेवलं. पहिल्याच तडाख्याला ओठ फुटला. दुसऱ्याला मी स्वयंपाकघराच्या चौकटीवर आदळून आत ओट्याशी पडले. मागोमाग आत येऊन त्यांनी माझी पिशवी उलटी केली. लॅपटॉप निघाला.

"हे धंदे चालतात होय? कुठे गेली होतीस?"

"नोएडाला. गेम शिकायला. दर रविवारी जाणार आहे."

"जाऊन तर दाखव!" त्यांनी लॅपटॉप दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला, फरशीवर आपटायला. दोन्ही हात वर. बरगड्या उघड्या, गुडघे उघडे. मला सगळं लख्ख दिसलं.

ओट्यावर धुऊन पालथा घातलेला कुकर होता. तो उचलला आणि त्यांच्या गुडघ्यावर घातला. कडकन आवाज झाला. "आई गं!" म्हणून ते कोसळले, लॅपटॉप त्यांच्याच छातीवर पडला. मी कुकर पुन्हा उचलला, बरगडीत घातला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा त्यांनी दोन्ही हात डोक्यावर घेतले, अंगाचं मुटकुळं केलं. "वीणा, नको! नको गं!"

मी पण असंच म्हणते. अगदी असंच.

भीती वाटत होती. आणि बरंही वाटत होतं, खोटं कशाला बोलू? पण तिसरा मारही घालावा असं मनात आलं तशी स्वतःचीच धडकी भरली. कुकर ओट्यावर ठेवला. त्यांच्या अंगावरचा लॅपटॉप उचलला. कोपरा चेमटला होता. बाहेर येऊन त्यांच्या खुर्चीत बसले आणि तो सुरू केला. सुरू झाला.

बराच वेळ आतून नुसतं कण्हणं. मग आवाज आला, "पाणी दे."

मी अर्धी उठलेसुद्धा. सवय! मग परत बसले.

"फिल्टर तिथेच आहे," मी म्हणाले.

भिंतीला धरत धरत ते उठले. पाय ओढल्याचा आवाज, मग भांड्यांची शोधाशोध. पेला कुठे असतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं.