अल्ताफच्या मशीनचा नवा बोर्ड

कमरुद्दीननं शेवटच्या ट्रान्झिस्टरला सोल्डरचा टाका मारला आणि नवा बोर्ड मशीनच्या पोटात सरकवला. समोर स्टुलावर नाहीद बसली होती. तिचा नवरा अल्ताफ गेल्या पावसाळ्यात गेला, आणि मागं ठेवून गेला ते हे जत्रेतलं व्हिडिओ गेमचं मशीन. तेही बंद.

बंद म्हणजे पार राख. या मशीनचा पडदा टीव्हीसारखा नव्हता. टीव्हीत काचेच्या नळीतला किरण अख्खा पडदा झाडून काढतो. इथं तो नुसत्या रेघा ओढतो, आणि त्या रेघांचीच तोफ, रेघांचेच अंगावर येणारे दगड. किरणाला फिरवणारा बोर्डच जळला होता. बनवणारी कंपनी कधीची बुडालेली, नागपूरच्या दुकानदारांनी तर नुसतं ऐकूनच हात जोडले. मग गोंडपिपरीच्या या टीव्ही मेकॅनिकनं पाच महिने डोकं खपवून स्वतःच बोर्ड रचला, आणि लाऊडस्पीकरच्या अँप्लिफायरमधले ट्रान्झिस्टर किरण ओढायला जुंपले. जन्मभर दुसऱ्यांचं दुरुस्त केलं, हे मात्र त्याचं स्वतःचं होतं.

मार्कंड्याची जत्रा तीन दिवसांवर आली होती. मशीन चाललं तर जत्रेतली अल्ताफची जागा नाहीदकडे राहणार; नाही तर बल्लारशाला दिराच्या घरी, जन्मभर त्यांच्या चुलीपाशी. दिरानं तसं बोलूनही दाखवलं होतं.

कमरुद्दीननं बटन दाबलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेघा उमटल्या, बारीक, स्वच्छ. नाहीदनं ओढणी तोंडाला लावली. पण दोन मिनिटांत चित्र गेलं. पुन्हा लावलं, पुन्हा गेलं.

कारण त्याला माहीत होतं. जुन्या बोर्डाप्रमाणे यातही त्यानं एक राखणदार ठेवला होता: किरण एका जागी अडला की त्याला विझवायचं, नाही तर तो नळीच जाळतो. इथल्या डुगडुगत्या विजेला हा राखणदार उगाच भीत होता आणि चित्र विझवत होता. अख्ख्या राज्याला वीज पुरवणारा जिल्हा, आणि घरात दिवा मिणमिणता, वा रे वा! टीव्हीतले असले राखणदार या भागातले मेकॅनिक डोळे मिटून कापतात, नाही तर गिऱ्हाईक रोज दारात. त्यानंही कटर घेतला आणि तार कापली.

चित्र टिकलं. दहा मिनिटं, वीस मिनिटं. नाहीदनं स्वतः खेळून तीन दगड फोडले आणि कितीतरी दिवसांनी हसली.

मग वीज क्षणभर झुकली आणि सावरली. साऱ्या रेघा मधोमध गोळा झाल्या, एकच ठिपका उरला, डोळे दिपवणारा. कमरुद्दीन टेबलाला वळसा घालून बटनापर्यंत पोचला तोवर काच तडकल्याचा बारीक आवाज आला, पाठोपाठ आत हवा शिरल्याचा. पडदा काळा पडला.

"काय झालं, भाई?"

"नळी गेली."

"दुसरी?"

"नाई भेटत, भाभी. कुठीच नाई."

नाहीद काळ्या काचेपाशी आली. रडली नाही. तिचा राग गेलेल्या माणसावर होता.

"म्या त्यायले तवाच म्हटलं होतं, इतकं जुनं मशीन नका घेऊ. आयकलं असतं तर आज मले दिराच्या दारात जा लागलं नसतं."

कटर अजून कमरुद्दीनच्या हातातच होता. अल्ताफ त्याचा तीस वर्षांपासूनचा दोस्त. याच मशीनवर अल्ताफनं बारा वर्षं घर चालवलं, आणि त्या बारा वर्षांत नळीला काही झालं नव्हतं. राखणदाराची तार आपणच कापली, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"हो ना," तो म्हणाला, "लय जुनं होतं."

नाहीदनं मान हलवली आणि बल्लारशाची बस किती वाजता आहे ते विचारलं. त्यानं वेळ सांगितली, आणि मशीनचं मागचं फळकूट लावून टाकलं.