टाचण्या लावलेल्या विहीणबाई

आमच्या शिवणाच्या दुकानात एक सोय आहे. स्टुलावर उभं करून टाचण्या लावलेलं गिऱ्हाईक मध्येच उठून जाऊ शकत नाही. आणि टाचण्या मी तोंडात धरते, त्यामुळे तेवढा वेळ मला गप्प बसावं लागतं. एरवी माझ्या तोंडाला कुलूप नाही.

माझी भाची बबडी माझ्याकडेच वाढली, माझ्याच दुकानात शिवते. तिचं लग्न ठरलं आणि ती एचपीव्हीच्या लशीचं खूळ घेऊन बसली. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरपासून वाचवते म्हणे. मी म्हटलं, "आधी लग्न होऊ दे, मग बघू." तिने ऐकून घेतलं आणि सरळ डॉक्टरीणबाईंना गाठलं. उशीर झालाय का, त्रास काय होतो, सगळं खोदून खोदून विचारून आली. लहानपणी घेतलेली उत्तम, पण अजूनही उपयोग आहे, असं कळलं. तरी तिचं अडलं होतं होणाऱ्या सासूपाशी. चोरून घ्यायची नव्हती, आणि सांगावं तर लग्न मोडायची भीती.

काल विहीणबाई लग्नात घालायचे कपडे अंगावर घालून बघायला आल्या. मी कंबरेशी टाचण्या लावत होते. बबडी समोर येऊन उभी राहिली.

"आई, मी उद्या कॅन्सर टाळायची लस घेणार आहे. तुम्हाला माझ्याकडूनच कळावं म्हणून सांगते."

"लग्नाआधी?" विहीणबाईंच्या भुवया वर गेल्या. "तसल्या लशी कसल्या मुलींना लागतात, ठाऊक आहे ना? लोक काय म्हणतील?"

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला, पण तोंडात टाचण्या.

बबडीचा आवाज चढला नाही. "हा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो तो शरीरसंबंधातून येतो, आई. तो कुणालाही असू शकतो, आणि असला तरी कळत नाही. तुमचा मुलगा चांगलाच आहे. पण लोक बोलतील आणि आपापल्या घरी जातील, दुखणं माझ्या वाट्याला येईल. लग्न मोडायचं असेल तर मोडा. मी लस घेणार."

 पोर त्या मुलावर जीव टाकते, मला ठाऊक आहे. मला तिचा इतका अभिमान वाटला की सांगता सोय नाही.

विहीणबाईंनी दुकानात आणखी कुणी नाही ना ते बघून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "आमच्या वयाला चालते का गं ती?"

"का हो?" बबडीने विचारलं.

"पाळी जाऊन वर्षं झाली. तरी अधूनमधून अंगावरून लाल जातं. घरात कुणाला बोलले नाही. अंगावरच काढतेय."

मी तोंडातल्या टाचण्या काढून हातात घेतल्या, पण आता मला काही सुचेना. बबडीच बोलली.

"त्याला लस नाही चालणार, तपासूनच घ्यावं लागेल. उद्या माझ्याबरोबर चला. आधी तुमचा नंबर लावू."

विहीणबाईंनी तिचा हात घट्ट धरला. "मला फार भीती वाटते गं."

"मलाही वाटते," बबडी म्हणाली. "म्हणून तर दोघी जाऊ."